शेपटीला चाक असलेल्या विमानावर शिकावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. "सर, मी सव्वीस वर्षांचा आहे, मिहानमध्ये आयटीत नोकरी करतो. एअरलाइनमध्ये जायचं नाही, पण हौस म्हणून उडायला शिकायचंय. टायगर मॉथ, पायपर कब असल्या जुन्या विमानांवर शिकलेला माणूस पक्का पायलट होतो असं वाचलंय. नागपुरात राहून तसं शिकता येईल का? इतकी जुनी विमानं सुरक्षित असतात का? आई म्हणते, मोटारसायकल चालवतोस तेवढी काळजी पुरे."

वयाच्या हक्कानं 'तू' म्हणतो. मी पुष्पक या आपल्याकडेच बनलेल्या, शेपटीला चाक असलेल्या विमानावर शिकलो, पुढे बरीच वर्षं शिकवलं, आता गुडघे कॉकपिटमध्ये चढू देत नाहीत.

आधी सरळ उत्तर. नागपुरात टायगर मॉथवर किंवा कबवर तुला कोणी शिकवणार नाही. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, फ्लाइंग क्लबची विमानं म्हणजे सेसना १५२ आणि १७२. त्यांचं तिसरं चाक नाकाखाली असतं, कबसारखं शेपटीखाली नाही. त्यावरच लायसन्स काढ. नंतर सुट्टी आणि पैसे जमले की बाहेरदेशी जाऊन दहा-पंधरा तास शेपटीला चाक असलेल्या विमानावर घालव. उलट क्रम धरलास तर आयुष्यभर व्हिडिओच बघत बसशील.

आणि एक गंमत सांगतो. शेवटची सेसना १५२ कारखान्यातून १९८५ मध्ये बाहेर पडली. म्हणजे ज्या विमानाला तू 'नवं' समजून नाक मुरडतोयस ते तुझ्यापेक्षा किमान चौदा-पंधरा वर्षांनी थोरलं आहे. कार्बुरेटर, ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो, केबलनं ओढले जाणारे रडर (पायांनी चालवायचं शेपटीचं सुकाणू) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), हे सगळं त्यात जुन्या पद्धतीचंच आहे.

आता शेपटीच्या चाकात असं काय असतं, त्यावर जरा थांबतो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

बाजारातली हातगाडी डोळ्यांसमोर आण. दांडा धरून पुढे ओढत नेलीस तर ती मागून निमूट येते. तीच मागून ढकललीस तर जराशी तिरकी झाली की आणखी तिरकी व्हायला बघते, आणि तुला सारखं मनगट फिरवत तिला सरळ ठेवावं लागतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून उतरताना थोडं वाकडं टेकलं तरी ते स्वतःच सरळ व्हायला बघतं. टेलड्रॅगरमध्ये, म्हणजे शेपटीला चाक असलेल्या विमानात, गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. वाकडं टेकलं की मागचं वजन पुढे यायला निघतं आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं. त्याला ग्राउंड लूप म्हणतात. यात सहसा माणसं मरत नाहीत, पण पंखाचं टोक, चाकाचा पाय आणि अब्रू, तिन्ही जातात.

माझी गेली आहे. एकट्यानं उडायला लागून जेमतेम काही तास झाले होते. पुष्पक इतकं अलगद टेकवलं की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली, आणि ती द्यायला मी हँगरकडे पाहिलं. कोणी बघतंय का ते! तेवढ्या दोन सेकंदांत शेपटी उजवीकडून पुढे आली. पंखाचं टोक जमिनीला घासलं, कापड हातभर फाटलं. धावत आलेल्या मिस्त्रीनं आधी मला लागलं नाही ना ते पाहिलं, मग म्हणाला, "काहून बे, चाकं टेकले म्हणून पाय झोपून गेले का तुये?" पुढचे तीन दिवस त्यानं मला कापड ताणायला, पंखाच्या रिबला टाके घालायला आणि डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे, हात मारायला बसवलं. त्या डोपच्या वासानं अजून माझं डोकं चढतं. पण विमान पार्किंगला उभं राहून इंजिन बंद होईपर्यंत पायांनी रडर सोडायचा नाही, ते तेव्हापासून अंगात भिनलं.

'जुन्या विमानावर शिकलेला पक्का' या म्हणण्यात खरं आहे ते एवढंच: पाय जागे होतात. जमिनीवर तर होतातच, हवेतही होतात. कबसारख्या विमानात काठी डावीकडे नेलीस की पंख डावीकडे कलतो, पण नाक आधी क्षणभर उजवीकडे जातं, कारण वर जाणाऱ्या पंखाला ओढ जास्त बसते. ते डाव्या पायानं सावरावं लागतं. सेसनातही हे होतं, पण एलेरॉनची रचना अशी केली आहे की तुला फारसं जाणवत नाही. मग विद्यार्थी पाय जमिनीवर ठेवून उडत राहतो आणि विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी समोरच्या यंत्रातली काळी गोळी एका बाजूला पडलेली असते, त्याचं त्याला काहीच नसतं. वेग कमी असताना गोळी बाजूला पडलेली असणं म्हणजे स्पिनचं, विमान गरगरत खाली पडण्याचं, अर्धं आमंत्रण.

यासाठी परदेशात जायची गरज नाही. १५२ मध्येच इन्स्ट्रक्टरला सांग, एक तास मला पायांचा व्यायाम दे. पुरेशी उंची घे, लांबची एक खूण नाकासमोर धर, कोराडीच्या वीजकेंद्राची चिमणी चालेल. आता नाक चिमणीवरून हलू न देता पंख डावीकडे कलव, उजवीकडे कलव, पुन्हा डावीकडे. पहिली दहा मिनिटं नाक दारुड्यासारखं झुलेल. अर्ध्या तासानं पाय आपोआप चालायला लागतात. माझ्या मते पहिल्या दहा तासांत हा एक तास घालणं आणि न घालणं यात जन्माचा फरक पडतो, आणि बहुतेक ठिकाणी तो घातला जात नाही. दुसरं म्हणजे फ्लॅप्स (उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या पट्ट्या) न वापरता उतरायला शीक. टायगर मॉथ, कब, पुष्पक, कोणालाच फ्लॅप्स नाहीत. उंची जास्त झाली तर एक पंख खाली आणि विरुद्ध पाय पुढे, असं विमान आडवं धरून खाली घसरवायचं. याला साइडस्लिप म्हणतात. पहिल्यांदा केलं की पोटात गोळा येतो, दहाव्यांदा केलं की मजा येते.

जुन्या विमानांची थोडी ओळख करून देतो, कारण सगळ्यांना एकाच पोत्यात घालून चालत नाही.

टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं १९३१ मध्ये. दोन मजली पंख, लाकूड-कापड-पोलादी नळ्या, १३० अश्वशक्तीच्या आसपासचं जिप्सी मेजर इंजिन. ब्रेक नाहीत. मूळ विमानात शेपटीला चाकही नाही, नुसती लोखंडी पट्टी, जी गवतात रुतून वेग कमी करते. म्हणजे ते गवताच्या मैदानाचं विमान आहे. सोनेगावची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, गुळगुळीत, आणि मागे पुढे एअरबस. तिथे बिचाऱ्या टायगर मॉथला पंख धरून चालायला दोन माणसं लागतील. आणखी एक खोडी: जिप्सी इंजिन कॉकपिटमधून बघितलं तर डावीकडे फिरतं, म्हणून टेकऑफला विमान उजवीकडे ओढतं. सेसना, कब, पुष्पक यांची इंजिनं उजवीकडे फिरतात, ती डावीकडे ओढतात. एकावरून दुसऱ्यावर गेलेला माणूस पहिल्या टेकऑफला हमखास चुकीचा पाय देतो.

पायपर जे-३ कब अमेरिकेचं, १९३८ ते १९४७ या काळात सुमारे वीस हजार बनली. ६५ अश्वशक्ती. एकट्यानं उडताना मागच्या सीटवर बसावं लागतं. पेट्रोलचा गेज म्हणजे टाकीतल्या बुचावर उभी केलेली तार. तार काचेसमोर वर दिसते तोवर पेट्रोल आहे. असा निर्मळ गेज मी पुन्हा पाहिला नाही.

आणि आपली दोन. एचटी-२ हे बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं, १९५१ मध्ये उडालं. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकलेले. मराठी माणसानं विमान केलं नाही असं कोणी म्हणालं की मी हे नाव काढतो. पुष्पक १९५८ मध्ये उडालं, अमेरिकन एरॉन्का चीफच्या बेतावर, ९० अश्वशक्तीचं, वर पंख, शेजारी-शेजारी दोन सीट. दीडशेहून जास्त बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. माझ्या पिढीचे कितीतरी कॅप्टन पुष्पकचं प्रॉपेलर हातानं फिरवूनच मोठे झालेत.

हातानं प्रॉपेलर फिरवण्याचं नाव निघालं म्हणून हे नीट वाच. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. तो स्वतःच ठिणगी तयार करतो. स्विच 'ऑफ' करणं म्हणजे मॅग्नेटोला एका तारेनं जमिनीशी जोडणं. ती तार तुटली असेल तर स्विच ऑफ दिसतो आणि इंजिन मात्र जिवंत असतं. गरम इंजिनात थोडं पेट्रोल उरलेलं असतं, कोणी सहज हात लावून पातं हलवलं की एक फटका पुरतो. म्हणून बंद उभ्या विमानाच्या पात्यालाही टेकून फोटो काढायचा नाही. सेसनालाही हेच लागू आहे, त्यातही मॅग्नेटोच आहेत. माझ्या विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त ओरडा कोणी खाल्ला असेल तर पात्याला टेकून सेल्फी काढणाऱ्यांनी.

सुरक्षिततेचा प्रश्न. विमानाचं वय वर्षांत मोजू नकोस. पन्नास वर्षांचं विमान हँगरमध्ये राहिलं असेल, लॉगबुक पूर्ण असेल, इंजिनचा ओव्हरहॉल वेळेवर झाला असेल, तर मी माझ्या नातीला घेऊन उडेन. वीस वर्षांचं विमान चार पावसाळे उघड्यावर उभं असेल तर जवळ जाणार नाही. कापडाच्या विमानाला ऊन खातं. लाकडाच्या पंखात जुना डिंक असेल तर दमट हवा तो सोडवते. म्हणजे विदर्भाचं मे आणि जुलै, दोन्ही महिने त्याचे वैरी. धातूच्या सेसनाला गंज लागतो, आणि तिची एक जुनी खोड अशी की सीट ज्या रुळावर सरकते तो झिजतो. टेकऑफला नाक वर उचललं की सीट मागे घसरते, पायलट हातातलं चाक धरून मागे जातो, नाक आणखी वर. असे अपघात झाले, म्हणून अमेरिकेत १९८७ मध्ये या रुळांच्या सक्तीच्या तपासणीचा आदेश निघाला. बसलास की सीट मागे-पुढे जोरात हलवून बघ, प्रत्येक वेळी.

उड्डाणाआधीच्या तपासणीत नागपूरच्या दोन खास गोष्टी. कुंभारीण माशीला पिटोची नळी फार आवडते. वेग मोजणारी ती बारीक नळी झाकण न लावता दोन दिवस राहिली की माशी आत मातीचं घर करते, आणि टेकऑफला वेगाचा काटा शून्यावरून हलत नाही. दुसरं, पावसाळ्यात टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून बघायचा कंटाळा करू नकोस. पाणी जड असतं, खाली बसतं. शंभर ऑक्टेनचं विमानाचं पेट्रोल फिकं निळं असतं. नमुन्यात सगळंच पांढरं स्वच्छ दिसलं तर ते कदाचित निव्वळ पाणी असेल, खूष होऊ नकोस.

आता उन्हाळा. समुद्रसपाटीपासून सोनेगावची उंची ३१५ मीटर, म्हणजे हजार फूट आणि वर थोडी. पण विमानाला उंची कळते ती हवेच्या विरळपणावरून. मे महिन्यात दाब कमी, दुपारी ४५ अंश. हिशेब मांडलास तर विमानाला वाटतं आपण ५,३०० फुटांवर उभे आहोत. तेवढी उंची कळसूबाईच्या माथ्याची. सकाळी सहाला ३० अंश असताना तोच आकडा ३,५०० फुटांच्या आसपास, म्हणजे चिखलदरा. तू चिखलदऱ्याहून टेकऑफ करायचं की कळसूबाईवरून, ते तूच घड्याळ बघून ठरवतोस. ६५ अश्वशक्तीचं इंजिन तसल्या दुपारी पंचावन्नच देतं, पंखांना आणि पात्यालाही पकडायला हवा कमी. वर दुपारी तापलेल्या शेतांतून हवेचे लोंढे उठतात आणि हलकं विमान पतंगासारखं हिंदकळतं. शिकणाऱ्यानं एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतरचा स्लॉट घेऊ नये. क्लबवाले देतील, तू घेऊ नकोस.

पावसाळ्यात उलट संकट येतं, आणि त्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत: बर्फ. नागपुरात! कार्बुरेटरच्या अरुंद घशातून हवा जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस अंशांनीही खाली येऊ शकतं. जुलैत बाहेर २५ अंश आणि हवा ओलीचिंब असेल, तर घशात बर्फ धरायला तेवढं पुरतं. लक्षण असं की तू काही केलेलं नसताना आरपीएम हळूहळू घसरतो. कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरला गरम हवा देणारी खुंटी, पूर्ण ओढायची. ओढल्यावर आरपीएम आणखी पडतो आणि इंजिन खोकतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. इथेच नवशिका घाबरून हीट परत बंद करतो. बंद करायची नाही. काही सेकंद दम धर, खोकला थांबतो आणि आरपीएम वर येतो.

वाऱ्याचंही सांगून टाकतो. सोनेगावची धावपट्टी एकच, १४ आणि ३२ अशा दोन दिशांची, म्हणजे होकायंत्रावर सुमारे १४० आणि ३२० अंश. पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. ३२ वर उतरताना पश्चिमेचा पंधरा नॉटचा वारा म्हणजे सुमारे साडेअकरा नॉट आडवा. सेसना १५२ च्या पुस्तकात दाखवलेला आडवा वारा १२ नॉट आहे. म्हणजे साधासुधा दिसणारा दिवसही तुला काठावर नेतो. अशा दिवशी टेलड्रॅगर मी स्वतः हँगरबाहेर काढला नसता. जुन्या काळी मैदानं गोल किंवा चौकोनी असायची, वारा येईल तिकडे तोंड करून उतरायचं. एकच पट्टी ही नंतरची सोय, मोठ्या विमानांची.

दिशा शोधायची तर नकाशा आणि घड्याळ घेऊन शीक, जीपीएस खिशात बंद ठेव. आपल्याकडे हे सोपं आहे: अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव, कोराडी-खापरखेड्याचा धूर, रामटेकचा डोंगर, आणि चारी दिशांना जाणारे रूळ. याच मध्यावरच्या जागेमुळे १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं मध्यरात्री सोनेगावला येत, थैल्या अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जात. कब ताशी १२० किलोमीटरनं जातं. समोरून वारा असला तर गोंदियाच्या रुळांवर खालची वंदे भारत तुला मागे टाकेल. तेव्हा राग न मानता घड्याळ बघून नवा वेग काढायचा. नेव्हिगेशन म्हणजे बव्हंशी एवढंच.

कागदपत्रांचं झटपट. आधी मेडिकल कर, पैसे नंतर भर. डीजीसीएच्या (केंद्राच्या विमान वाहतूक संचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू. रंगांधळेपणा किंवा रक्तदाब तिथे निघाला तर फी तरी वाचते. स्टुडंट लायसन्स सोळाव्या वर्षापासून मिळतं, प्रायव्हेट सतराव्यापासून, त्यासाठी किमान ४० तास. चाळीसमध्ये होईल असं धरून बजेट करू नकोस, नोकरी सांभाळून येणाऱ्याला साठ लागतात असा माझा अनुभव. तासाच्या दरात पेट्रोल, इन्स्ट्रक्टर आणि लँडिंग धरलंय का ते लेखी घे. सगळी रक्कम आगाऊ भरू नकोस. मी एका संस्थेत पूर्ण भरली होती, सहा महिने विमान 'पार्ट येतोय' म्हणून उभं राहिलं आणि मी बाकावर बसून चहा पीत राहिलो.

बाहेर जाशील तेव्हा अमेरिकेत कब किंवा सिटाब्रिया सहज मिळतं. तिथे टेलव्हीलसाठी ठराविक तास नाहीत, इन्स्ट्रक्टरला पटलं की तो लॉगबुकमध्ये तसा शेरा देतो. ब्रिटनमध्ये टायगर मॉथ आणि चिपमंकवर शिकवणारे मिळतात. परदेशी माणसाला सुरक्षा-परवानगी लागते का हे तिकीट काढण्याआधी शाळेला विचार. पहिल्या दिवशी त्यांना सांग, मला अर्धा दिवस फक्त टॅक्सी करायला, म्हणजे विमान जमिनीवर नुसतं चालवायला द्या. टेलड्रॅगरचं नाक इतकं वर असतं की समोरचं दिसत नाही, नागमोडी चालवत बाजूच्या खिडकीतून बघावं लागतं. तेवढ्यातच तुझे पाय दुखायला लागतील.

आईला काय सांगायचं? पहिल्या तासाला तिला क्लबवर घेऊन ये. विमानाभोवती वीस मिनिटं फिरून एकेक बिजागरी, एकेक पिन हातानं हलवून बघणारा मुलगा तिला दिसू दे. तू मोटारसायकलला कधी अशी हात लावून बघतोस का, हे ती तिथेच विचारेल.

आणि येताना जाड तळाचे स्पोर्ट्स शूज घालू नकोस. बाटाचे जुने कॅनव्हासचे बूट मिळतात तसले, पातळ तळाचे घाल. रडर पायाला कळला पाहिजे.